डोळे मिटून ऐकणारे साहेब

साहेब कोर्टात साक्ष ऐकायचे ती डोळे मिटून. साक्षीदाराने शपथ घेतली की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत, मान किंचित डावीकडे कलती करत आणि डोळे मिटून घेत. सुरतेला नवीन आले तेव्हा वकिलांना वाटलं, म्हातारा डुलक्या काढतो. त्यांनी गुजरातीत नाव ठेवलं, ‘ऊंघणशी साहेब’, म्हणजे झोपाळू साहेब. पण जबाब उतरवून घेताना कारकुनाने एखादा शब्द इकडचा तिकडे केला की साहेब तसेच डोळे मिटून म्हणत, “‘पाहिलं’ नाही म्हणाले ते. ‘दिसलं’ म्हणाले. दिसलं असं लिहा.” मग वकील सावध झाले. आम्ही मराठी मंडळींनी मात्र त्यांचं नाव ‘डोळेझाके साहेब’ असं ठेवलं, आणि त्यातला विनोद सगळ्यांना कळत असे. कारण डोळेझाक हा एक प्रकार त्यांना जन्मात जमला नव्हता.

मी एकदा धीर करून विचारलं होतं की डोळे का मिटता. तेव्हा आम्ही सुरतेच्या नानपुऱ्यात एकाच घरात भाड्याने राहायचो, ते वर आणि आम्ही खाली. साहेब म्हणाले, “बाई, चेहरा दिसला की मन एका बाजूला झुकतं. गरीब दिसला की दया येते, उर्मट दिसला की राग येतो. कानाला यातलं काही कळत नाही, म्हणून कानावर भरवसा ठेवतो.” मला तेव्हा ते फार पटलं. मी शाळेत शिक्षिका होते, दुसऱ्या दिवशी मुलींना सांगितलंसुद्धा.

ते मूळचे साताऱ्याकडचे. गुजरात वेगळा झाला तेव्हा नोकरीच्या वाटणीत तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेट म्हणून गावोगाव बदल्या झाल्या. लाचलुचपतीच्या तपासाला लागणारी परवानगी, झडतीची वॉरंटं, जबाब, असली कामं त्यांच्याकडे आली की वरून कुणाचाही निरोप येवो, कागद अडायचा नाही. माई, म्हणजे त्यांची बायको, हसून म्हणायच्या, “लोक बढतीमुळे गाव बदलतात, आम्ही निकालामुळे बदलतो.” सुरतेला आले तेव्हा पन्नाशी कधीच उलटली होती आणि माईंना भांडी बांधायचा आणि सोडायचा पुरता कंटाळा आला होता.

त्यांची एक गोष्ट नानपुऱ्यात बरेच दिवस चवीने सांगितली जाई. कोर्टात पक्षकाराच्या नावाचा पुकारा करायचं काम पट्टेवाल्याचं. पट्टेवाल्याला चहापाणी मिळालं तर पुकारा मोठ्याने होई, नाही मिळालं तर तो दाराच्या आतल्या आत नाव पुटपुटे आणि बाहेर झाडाखाली बसलेला माणूस गैरहजर लागे. खेड्यातून पायी आलेल्या एका म्हातारीचं असं झालं. साहेबांनी कुणाला रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवरून उठले, काळ्या कोटासकट व्हरांड्यात आले आणि स्वतः पुकारा करू लागले. आवाज कसा, तर साताऱ्याच्या माळावर गुरं हाकल्यासारखा. वकील तोंडावर रुमाल धरून हसत होते, पट्टेवाला भिंतीला चिकटून उभा होता. असं आठवडाभर चाललं. त्यानंतर त्या कोर्टात नावं कशी खणखणीत पुकारली जाऊ लागली म्हणतात!

पण या स्वभावाची किंमत माईंनी मोजली. साहेब कुणाकडे जेवायला जात नसत आणि कुणाला बोलावत नसत. शेजाऱ्याच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, घडीभर टेकणंही त्यांना वर्ज्य. म्हणायचे, “ओळख वाढली की निकाल लहान होतो.” सुरतेसारख्या खाण्यापिण्याच्या गावात, जिथे थंडीत पोंक, म्हणजे ज्वारीचा हुरडा, आला की अनोळखी माणसालाही ताटली पुढे करतात, तिथे माई वरच्या गॅलरीत एकट्या बसलेल्या असायच्या. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात साहेब स्वतः खाली आले. माझ्या यजमानांना म्हणाले, “आपण बँकेत ना? आपल्या घरात कुणाचा खटला वगैरे चालू नाही?” हे म्हणाले, “नाही.” “मग आमच्या हिला दुपारी चहाला येऊ देत जा.” असा आमचा घरोबा कायदेशीर चौकशी करून सुरू झाला.

मग तो पूर आला. तापीच्या पाण्याची सुरतेला सवय आहे, पण त्या वर्षी उधन्याकडच्या खाडीकाठच्या झोपड्या पार धुऊन गेल्या. तिथे राहणारी बहुतेक माणसं खानदेशातली, मागावर काम करणारी. माझी शाळाही उधन्यातच, मराठी माध्यमाची. चिखल काढून वर्ग सुरू केले तेव्हा निम्मी मुलं ओल्या कपड्यांनी बसत. शहरातल्या प्रतिष्ठितांनी मदत समिती काढली होती. घोंगड्या आल्या, धान्य आलं, असं आम्ही ऐकत होतो. झोपड्यांपर्यंत त्यातलं थोडंच पोचलं. पुढे त्याच घोंगड्या बाजारात विकायला दिसल्या आणि बोभाटा झाला. समितीच्या गोदामाचे कारकून सोनवणे यांच्यावर अपहाराचा खटला भरला गेला. तो चालला साहेबांपुढे.

सोनवणे धुळ्याकडचे. त्यांची मुलगी मंगल माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्यांना ओळखत होते. डोक्यावर टोपी, बोलणं अगदी हळू. माल बाहेर गेल्याच्या प्रत्येक कागदावर सही त्यांची होती. समितीचे अध्यक्ष, कापडाच्या धंद्यातलं बडं प्रस्थ, साक्षीला आले आणि गोड आवाजात म्हणाले, “साहेब, आ माणस पर तो मने घरना जेवो विश्वास हतो.” या माणसावर तर माझा घरच्यासारखा विश्वास होता. झोपड्यांतली जी माणसं साक्षीला बोलावली होती ती एकामागून एक म्हणाली, “माले काही माहीत नही.” साहेबांनी सोनवण्यांना विचारलं, “सही तुमची आहे?” ते म्हणाले, “आहे.” “आणखी काही सांगायचंय?” सोनवणे म्हणाले, “नाही.”

सक्तमजुरीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांनी साहेबांची स्तुती केली, पूरग्रस्तांच्या तोंडचा घास काढणाऱ्याला शासन झालं म्हणून. त्या संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा साहेब मला म्हणाले, “आजचा निकाल सोपा होता.” मला मंगलचा विचार पडला होता. ती दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. तिच्या आईने घर सोडून उधन्यापलीकडे भेस्तानला भावाच्या आधाराने खोली घेतली. मी दोनदा जाऊन मुलीला परत शाळेत आणलं. साहेबांच्या कानावर मी हे घातलं नाही. निकालाविषयी त्यांच्याशी घरात बोलायचं नाही, हा आमच्या घरोब्याचा पहिला नियम होता.

साहेब निवृत्त झाले तेव्हा सोनवणे सुटून आले होते. माईंनी साताऱ्याला जायची तयारी चालवली होती. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला आमच्या मुख्याध्यापिकेने साहेबांना झेंडावंदनाला बोलावलं. आता ओळख वाढायला हरकत नव्हती, म्हणून ते आनंदाने आले. भाषणात मुलांना म्हणाले, “खरं बोलायला भिऊ नका, कोर्ट तुमच्या पाठीशी आहे.” नंतर पुष्पगुच्छ द्यायला मुख्याध्यापिकेने वर्गातली हुशार मुलगी म्हणून मंगलला पुढे केलं. मंगल चार पावलं आली, त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि गुच्छ खाली जमिनीवर ठेवून मैदानाबाहेर चालती झाली. साहेबांनी वाकून गुच्छ उचलला, धूळ झटकली आणि मला विचारलं, “कुणाची मुलगी ही?” मी सांगितलं. ते म्हणाले, “मला त्यांच्या घरी घेऊन चला.”

भेस्तानला आम्ही रविवारी गेलो. पत्र्याची खोली, दारात तुळशीचा डबा. सोनवण्यांनी साहेबांना पाहिलं आणि सवयीने हात जोडले. बायको दारातच उभी राहिली, पाणी आणायला हलली नाही. साहेब सतरंजीवर बसले आणि सरळ म्हणाले, “सोनवणे, तुमच्या मुलीने मला आरोपी केलंय. माझं काय चुकलं ते सांगा.”

सोनवणे बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिले. मग म्हणाले, “माल अध्यक्षांच्या सांगण्यावरून जायचा, साहेब. सही कर म्हणाले की मी करायचो. चूक माझीही होतीच.”

“मग कोर्टात का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं.”

“विचारलंत ना. पण अध्यक्षांची दोन माणसं मागच्या बाकावर बसली होती. आदल्या दिवशी घरी येऊन गेली होती, मंगल कुठल्या रस्त्याने शाळेत जाते ते मला सांगून गेली होती. ते झोपड्यांतले लोक साक्षीला उभे राहत तेव्हा आधी त्या बाकाकडे बघत. सगळ्या कोर्टाला दिसत होतं. तुमचे डोळे मिटलेले होते, साहेब.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. साहेबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. “अपिलात तरी...”

“अपिलात वकील बोलतो. वकील त्यांनीच दिला होता.”

साहेब म्हणाले, आता सांगा, मी स्वतः तुमच्याबरोबर येतो, वरपर्यंत जाऊ. तेव्हा सोनवण्यांची बायको पहिल्यांदा बोलली. दारातूनच. “आते नका, साहेब. लोके इसरी ग्यात. आते पोरनं लगन करनं शे.” आता नको, लोक विसरलेत, आता मुलीचं लग्न करायचं आहे. साहेब माझ्याकडे बघू लागले. मला ती बोली कळत होती, पण सोनवण्यांनीच ते मराठीत सांगितलं आणि पुढे म्हणाले, “तुम्ही प्रकरण उकरलंत तर खरं काय ते चार लोकांना कळेल, पण चोर म्हणून माझं नाव पुन्हा चारशे लोकांना आठवेल.”

परतीच्या बसमध्ये साहेब खिडकीशी बसले होते. उधना आलं तेव्हा म्हणाले, “बाई, आयुष्यभर मी निकाल बरोबर दिले असं समजत होतो. सोप्या निकालाची भीती वाटायला हवी होती मला.” नानपुऱ्यात उतरल्यावर त्यांनी माईंना सांगितलं, साताऱ्याला इतक्यात जायचं नाही. माईंनी बांधलेली भांडी पुन्हा सोडली. त्या दुपारी मात्र त्या आमच्याकडे चहाला आल्या नाहीत.

शाळेच्या एका वर्गात दर रविवारी सकाळी साहेब मागवाल्यांना शिकवू लागले. साक्ष कशी द्यायची, पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय अंगठा का द्यायचा नाही, कुणी धमकावलं तर न्यायाधीशाला भर कोर्टात तसं कसं सांगायचं, रेशनची तक्रार कुठे करायची, मत मागायला आलेल्याला काय विचारायचं. सुरुवातीला चारपाच जण यायचे आणि त्यांना साहेबांचं मराठी समजायचं नाही. साहेब ‘तथापि’ म्हणत, ‘उपरोक्त’ म्हणत. एक जण उठून म्हणाला, “साहेब, तुम्ही काय बोलतस ते आमले नही समजस.” साहेबांनी ‘उपरोक्त’ सोडलं. हळूहळू अहिराणीतले शब्द उचलले, ते साताऱ्याच्या हेलात बोलत आणि वर्ग हसून लोटपोट होई. लोक त्याला ‘साहेबनी शाळा’ म्हणायला लागले. खोली भरू लागली, बायका लेकरांना घेऊन मागे बसू लागल्या.

तिथे ते डोळे मिटत नसत. शिकवताना सारखे दाराकडे बघत, खिडकीकडे बघत, बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे तर इतकं टक लावून बघत की तो बिचारा बावरून जाई. कोर्टाचं सोंग करायचे तेव्हा एखाद्याला मुद्दाम मागच्या बाकावर बसवून साक्षीदाराकडे डोळे वटारायला लावत, आणि न्यायाधीश झालेल्या माणसाला ते ओळखता आलं नाही तर चिडत. एरवी शांत माणूस, पण तेवढ्यावरून चिडत.

जिजाबाई म्हणून मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी एक बाई यायची. तिने एकदा विचारलं, “साहेब, खरं बोलनू आनि शेठनी कामवरतून काढी टाकं तं, पोरेसले काय खावाडू?” शेठने कामावरून काढलं तर पोरांना काय खाऊ घालू, असं ती विचारत होती. साहेब म्हणाले, “मला माहीत नाही, जिजाबाई. मला कोणी कधी कामावरून काढलं नाही. विचार करून सांगतो.” पुढच्या रविवारी आल्या आल्या त्यांनी तिलाच उभं केलं. “एकटीने बोलू नकोस. दहा जणींनी मिळून जा. दहा जणींना एकदम काढलं तर त्याचे माग कोण चालवणार?” हे त्यांना कायद्याच्या कुठल्या पुस्तकात सापडलं असेल असं मला वाटत नाही. आठवडाभर ते उधन्याच्या गल्ल्यांतून हिंडून लोकांशी बोलत होते, एवढं मला ठाऊक आहे.

वर्ग संपला की कधीमधी ते भेस्तानला जात. सोनवण्यांकडे बसत. काय बोलत कोण जाणे. मी एकदाच बरोबर होते, तेव्हा दोघं तांदळाच्या भावाविषयी बोलत होते आणि मधूनमधून नुसतेच बसत होते. सोनवण्यांची बायको आता पाणी आणून देत असे. वर्गाला या असं साहेबांनी सोनवण्यांना कधी म्हटलं नाही, आणि तेही कधी आले नाहीत.

आणीबाणी आली. पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या वर्षी शाळेच्या कार्यकारिणीने ठरवलं की रविवारी खोली देता येणार नाही. कार्यकारिणीला मोठी देणगी नुकतीच मिळाली होती, ती देणारे तेच मदत समितीचे अध्यक्ष. साहेबांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी मैदानात लिंबाखाली वर्ग भरवला. एक हवालदार आला. तो पूर्वी साहेबांच्या कोर्टात साक्षी द्यायला येत असे, बिचारा ओशाळून उभा राहिला. “साहेब, जमावबंदी छे. मने उपरथी हुकम छे.” साहेब उठले. वर्गाला म्हणाले, “घरी जा सगळे. हुकूम आहे. कायदा मोडायला मी तुम्हाला शिकवलेलं नाही.” लोक उठेनात. जिजाबाई म्हणाली, “आनि हुकूमच खोटा व्हई तं?” साहेबांनी सतरंजी गोळा केली, तिची घडी घातली आणि जिजाबाईला काही न सांगता माझ्याबरोबर बस स्टँडकडे चालू लागले. वाटेत एकदा थांबले. मला वाटलं परत फिरणार. पण पुन्हा चालू लागले.

तो वर्ग नंतर भरला नाही. आणीबाणी उठल्यावर मी त्यांना म्हटलं, पुन्हा सुरू करू या, मी जागा बघते. ते म्हणाले, “जिजाबाईला काय सांगू?” मी म्हटलं, मागच्यासारखं म्हणा, विचार करून सांगतो. ते म्हणाले, “तेव्हा बोलायला हवं होतं, बाई. त्या लिंबाखाली.”

मंगलचं लग्न त्याच सुमारास ठरलं. सोनवणे स्वतः नानपुऱ्याला आले. मी वरच होते, माईंना तांदूळ निवडायला मदत करत होते. त्यांनी पेढे ठेवले आणि उभ्यानेच म्हणाले, “जळगावकडची माणसं आहेत, चांगली आहेत. साहेब, राग मानू नका, पण लग्नाला येऊ नका. कुणीतरी विचारील हे कोण, आणि मला खोटं सांगता येणार नाही.” साहेब म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.” ते जिन्यापर्यंत सोनवण्यांना पोचवायला गेले, वर आले, पेढा अर्धा करून माईंना दिला आणि अर्धा तोंडात टाकला. त्यानंतर ते भेस्तानला कधी गेले नाहीत.

पुढच्या वर्षी दोघं साताऱ्याला जायला निघाले. स्टेशनवर आम्ही दोघंच पोचवायला होतो. कुणाला सांगू नका असं त्यांनी बजावलं होतं. माई माझा हात धरून रडत होत्या. साहेबांनी सामान नीट लागलंय का पाहिलं, मग खिडकीतून मला विचारलं, “भेस्तानला जाता का कधी?” मी म्हटलं, जाते. “बरे आहेत ना ते?” मी म्हटलं, बरे आहेत, मंगलला मुलगा झाला. त्यांचा चेहरा उजळला. काही निरोप सांगायचा असावा असं वाटलं. मी खिडकीच्या अगदी जवळ गेले. पण ते म्हणाले, “नाही, काही सांगू नका.”

साताऱ्याला त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. माईंचा भाचा सुरतेला कामासाठी आला, त्याने साहेब गेल्याची बातमी आणली. माझे यजमान बँकेत होते. मी तशीच बस पकडून भेस्तानला गेले. सोनवणे दारात खुर्ची टाकून बसले होते, आता कान जरा कमी ऐकत होते, म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. आतून त्यांची बायको बाहेर येऊन उभी राहिली.

“लग्न झाल्यावर येतील म्हणून वाट बघितली,” ते म्हणाले. “दर रविवारी ही चहाचं आधण जास्त ठेवायची. मी लग्नाला येऊ नका म्हटलं होतं, बाई. घरी येऊ नका असं नव्हतं म्हटलं.”